मधला मणी

मेलेल्या सामनांचे डोळे
मला बर्फाच्या डब्यातून पोचतात, जोडीजोडीने.
नदीकाठी कोयते घेऊन फिरणारी माणसं
अंडी घालून संपलेले मासे उचलतात,
दोनदा मोजले जाऊ नयेत म्हणून शेपट्या छाटतात
आणि एखाद्याचं डोकं वुडलंडला पाठवून देतात.

डोळ्यातलं भिंग वाटाण्याएवढं, गोल.
चिमट्याने सोलते मी ते, पापुद्र्यामागून पापुद्रा.
कांदा म्हणावं, तर इथे पाणी येत नाही डोळ्यांत.
एकेक पापुद्रा कथलाच्या चिमुकल्या वाटीत जातो,
यंत्र तो जाळतं आणि सांगतं:
गंधकात जड किती, हलका किती.
दशांश चिन्हामागचे दोन आकडे. एवढीच साक्ष.

पण खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात
ते मी माणसांआधी इथे पाहिलं.

वरचे पापुद्रे समुद्राचे.
तीन वर्षं, लांब कुठेतरी, अँचोव्ही आणि झिंगे.
खाली जावं तसा आकडा उतरत जातो
आणि एका पापुद्र्यावर धपकन कोसळतो:
फेब्रुवारी. नाइट्स लँडिंगजवळचं भातशेत.
कापणी झाली की अर्ल व्हिटाकर शेतात पाणी सोडतो,
कुजत्या धसकटांत पाणपिसवा माजतात,
आणि बोटभर पिल्लं पाच-सहा आठवडे
तिथे नुसती खात सुटतात.
अर्ल दर वर्षी फोन करतो. "माझ्याकडचा होता का?"
होता, म्हटलं की थोडा वेळ गप्प.
मग, "लेकाने भाडं नाही दिलं."

अगदी आत गाभा, मोहरीएवढा, टणक.
चिमटा घसरतो. एकदा टेबलाखाली गेला,
मी आणि टेस अर्धा तास गुडघ्यांवर.
त्या गाभ्यात पुन्हा समुद्र.
पहिल्यांदा वाटलं, वाट्यांची अदलाबदल झाली.
रात्री थांबून सगळे क्रमांक तपासले.
डॉ. लिंडक्विस्ट हसली नाही. म्हणाली,
बलक आईचा असतो ना.
ज्या पिल्लाने अजून नदीचा तळसुद्धा सोडला नाही
त्याच्या डोळ्याच्या मधोमध
आईने खाल्लेला समुद्र.

मार्चमध्ये यंत्र दोन दिवस मोकळं होतं.
मी माझा एक केस दिला, कंबरेपर्यंतचा.
टोकाला मंगळवेढा, मुळाशी वुडलंड,
मधे पाच वर्षं. बोटबोट कापला.
वाटलं, रेघेत कुठेतरी पायरी दिसेल:
इथे विमानात बसले. इथे भाकरी सुटली.

रेघ जवळजवळ सपाट.

ज्वारी आणि मका, दोघी एका वळणाच्या,
हवेतला कर्ब सारख्याच पद्धतीने पकडणाऱ्या.
इथली कोंबडी मका खाते, गाय मका खाते,
शीतपेयातली साखरही मक्याची.
यंत्राला मालदांडी कळत नाही.
कर्बाच्या हिशेबात मी कुठे गेलेच नाही.
हसू आलं. मग तो कागद घडी करून
पर्समध्ये ठेवला, का ते माहीत नाही.
अजून आहे, किराणाच्या पावत्यांत.

रेणू पोटात होती मी आले तेव्हा, पाचवा महिना.
बॅगेत सहा किलो पीठ होतं.
कस्टमच्या बाईने पिशवी उघडून हुंगली होती.
माणसाच्या भिंगाचाही गाभा
जन्माआधीच भरतो म्हणतात, आणि मग बदलत नाही.
ती आता चार वर्षांची. मंगळवेढा तिला
फोनमधल्या मावशीच्या मागची निळी भिंत.

रात्री गोष्ट सांगताना माझा हात हुंगते.
"मासा?"
हो.
"कुठला?"

मी उठते. नळ सोडते.
पाणी गरम व्हायला इथे वेळ लागतो.