जैसे थे

सात फूट रुंद, एकतीस फूट लांब,
परसातल्या एवढ्या पट्टीवर कोर्टाचा मनाई हुकूम आहे.
नवा माड लावायचा नाही, जुना तोडायचा नाही,
दोघांपैकी कोणीही.
पट्टीपलीकडे चुलतभाऊ आत्माराम.
अलीकडे मी, मोजणी खात्यातून निवृत्त.
शिरोड्यापासून आरोंद्यापर्यंत
लोकांच्या हद्दी साखळी धरून मोजून दिल्या,
आणि घरी अकरा वर्षं
एक खुंटा ठोकता आलेला नाही.

खड्डा खणला तर तो फेरफार.
म्हणून ढीग.
पडक्या गडग्यातले छत्तीस चिरे उचलले,
तीन बाजूंनी कोरडेच रचले,
मध्ये बोटभर फटी, वारं खेळावं म्हणून.
चुना नाही, सिमेंट नाही,
म्हणजे हे बांधकाम नाही.
वकिलाला विचारलं नाही.
त्यानेही हेच सांगितलं असतं, फी घेऊन.

तळाला नारळाची सोडणं, पालथी.
त्यावर झावळ, कोयत्याने वीतभर तोडून.
नरकचतुर्दशीला अंगठ्याखाली फोडलेलं कारीट
टाकून मुहूर्त केला.
मग केळीचे सोप, सुरणाची साल,
तुळशीच्या लग्नातला चघळलेला ऊस,
काजूचा पाला, जो कुजायला महिनोन्‌महिने नकार देतो,
मेस्त्रींच्या गोठ्यातलं दोन पाट्या शेण.
बांगड्यांची डोकी खोल पुरली, वर राख पसरली,
तरी मांजराने त्याच रात्री अपील केलं.

पाचव्या दिवशी मनगटापर्यंत हात घातला.
आत ऊब होती,
पेंढ्यात गुंडाळून शेतावर नेलेल्या
पेजेच्या टोपासारखी.
बाहेर हुकूम होता तसाच,
आत एकही पान होतं तसं राहायला तयार नव्हतं.

पौषात एका सकाळी
ढिगावर सुंगटांची सालं दिसली.
आमच्या हिला सुंगटांनी पित्त उठतं,
घरात येतच नाहीत.
दुसऱ्या दिवशी आलं घातलेल्या चहाचा चोथा,
आणि एक सुकलेला अबोलीचा वळेसर.
अबोली माळते ती रुक्मावहिनी, पलीकडची.
मी काही बोललो नाही.
खोरं घेतलं, खालचं वर केलं, वरचं खाली,
आणि सवयीने बघत राहिलो
त्यांचं कुठे संपतं, आमचं कुठून सुरू होतं.
त्या दिवशी साखळी असती तरी
धरायला दुसरं टोक नव्हतं.

मग एका संध्याकाळी माडाआडून आवाज आला,
अकरा वर्षांत पहिल्यांदा:
"सुको पालो घाल रे वरसून. वास मारता."
मी वळेपर्यंत पाठ दिसली.
तो तसा लहानपणीही खरं तेच बोलायचा, रागात.
मी पाला घातला.
दोन दिवसांनी चिऱ्यावर वखारीतल्या भुशाचं पोतं उभं होतं,
तोंड सुतळीने बांधलेलं.
गाठ त्याचीच. ती मला सुटत नाही,
कोयत्याने कापावी लागली.

शिमग्याच्या आधी खत झालं.
काळं, मोकळं, पावसाळी रानासारखा वास,
काजूची पानं तेवढी अजून वाद घालत होती.
चाळून भरलं तर अकरा पाट्या निघाल्या.
पाच मी पलीकडे नेऊन ठेवल्या, भरदुपारी,
सगळे झोपलेले असताना.
पाच आमच्या पोफळींच्या आळ्यात घातल्या.
अकरावीचं काय करायचं?
निम्मी करायला तराजू लागला असता,
आणि तराजू आणला की साक्षीदार आले.

पाटी चिऱ्यांवर तशीच ठेवली.
पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते.
कोर्टात आम्ही एकाच बाकावर बसलो,
मध्ये दोन वकिलांच्या पिशव्या.

परवा ऊन फार होतं.
परसात गेलो तर
पाटीवर कोणीतरी ओलं गोणपाट टाकलेलं,
चारी कडा आत खोचून.

गोणपाट आमचं नव्हे.