सनावळ्या

लोवेना, बस. पाय आधी पूस,
इथला चिखल तांबूस असतो, फरशीवरून जात नाही.
वहीत दहा ओळी आखून आणल्यास,
दहा ओळी, दहा सन:
मोंटाना, विसावे शतक, महत्त्वाच्या घटना.
बाई म्हणाल्या, म्हाताऱ्यांना विचारा.
बरं. विचार.

१९१४ तू लिहिलंसच. बायकांना मत मिळालं.
खरंय. माझी आई तेव्हा खानावळीत
रोज बावीस खाणकामगारांचे डबे भरायची.
पहिलं मत कुणाला दिलं
ते तिनं मरेपर्यंत वडिलांना सांगितलं नाही.

१९१७. आग लागली तर विझवता यावी
म्हणूनच ती केबल खाणीत उतरवत होते.
निसटली. तेल प्यालेलं तिचं वेष्टन,
आणि कुणाच्या तरी हातातला दिवा.
एकशे अडुसष्ट माणसं. आकडा पुस्तकात सापडेल.
भिंत सापडणार नाही.
सिमेंटची भिंत, कायद्यानं तिला दार हवं होतं,
नव्हतं.
माझा काका एइनो तिथवर पोचला होता.
त्याची बोटं, आई म्हणायची,
आणि पुढे काही न बोलता
कणीक मळायला घ्यायची.

दुष्काळाचं मला विचारू नकोस,
तो पूर्वेकडे पडला, मैदानात.
आम्ही डोंगरातली माणसं,
त्यातून आमचं निम्मं आयुष्य डोंगराच्या पोटात.

१९५५ लिही. खड्डा सुरू झाला.
तोवर आम्ही तांब्यापाशी खाली जात होतो,
आता वरूनच सगळं खरवडत निघाले.
ऑरेलियाच्या माहेरची अख्खी इटालियन वस्ती त्यात गेली:
चर्च, पाववाला, दर सप्टेंबरला
कॅलिफोर्नियाहून द्राक्षांची वाघीण यायची तो रुळांचा फाटा.
सासऱ्यांनी घराचे पैसे मोजून घेतले
आणि दाराची कडी तेवढी काढून आणली.
ती बघ, त्या खिळ्याला.

१९५९. डोंगरानं रात्रीत कूस बदलली,
नदी अडली, तळं झालं.
तंबूत झोपलेले काही लोक अजून त्या दगडांखाली आहेत.
आम्ही पुढच्या वर्षी बघायला गेलो होतो.
पाण्यात उभी मेलेली झाडं,
त्यांच्यावर पक्षी बसत होते, नेहमीसारखे.

१९७२, नवी राज्यघटना.
स्वच्छ आणि निरोगी परिसर हा प्रत्येकाचा हक्क,
असं काहीसं वाक्य होतं.
ऑरेलियानं कात्रण काढून फ्रिजवर लावलं.
मी हसलो होतो. हसायला नको होतं.

आता हे नीट लिही.
१९८२, एप्रिल. पुस्तकात असेल:
कंपनीनं पंप बंद केले.
कंपनीला हात नसतात, लोवेना.
एकोणचाळीसशे फूट खाली मी होतो,
सव्वीस वर्षं त्या आवाजाशेजारी डबा खाल्ला होता.
कागद आला, सही केली, खटका खाली ओढला.
आवाज लगेच थांबत नाही.
बराच वेळ गुणगुणतो, म्हातारा घरभर फिरतो तसा,
मग थांबतो.
त्या शांततेत मला पहिल्यांदा पाणी ऐकू आलं.
महिनाभर झोप नव्हती.
ऑरेलिया रात्री पंखा लावायची, थंडीतसुद्धा,
काहीतरी वाजत राहावं म्हणून.

आणि १९९५. तू तेव्हा पाळण्यात होतीस.
नोव्हेंबर, धुकं, दक्षिणेला निघालेले रानहंस.
वरून त्यांना तळं दिसलं.
पाण्याला ते पाणी समजले.
तीनशे बेचाळीस मोजले.
मी मोजायला गेलो नाही,
कठड्यापर्यंत जाऊन परत आलो.
खटक्याला लागलेला हात खिशात होता.

हे नको लिहूस. नाही, लिही.

किती झाल्या? सातच?
मग आईचे बावीस डबे लिही.
ती दाराची कडी लिही.
दहावीचं बघू, आधी कोको घे, निवतोय.
आणि बाई काही म्हणाल्या
तर माझं नाव सांग: आर्व्हो, पंपवाला.
त्यांचे वडील ओळखायचे मला.