खिडकी नसलेली खोली

स्वस्तातली केबिन, म्हणजे खिडकी नाही.
"समुद्र बघायला वेगळे पैसे कशाला," हे म्हणाले,
"वर डेकवर फुकट आहे की."
खडकीच्या कारखान्यात एकोणचाळीस वर्षं
नट-बोल्ट मोजून देणारा माणूस,
समुद्रही मोजूनच घेतला.

मी मेतकूट नेलं होतं, दशम्या,
आणि लिंबाचं लोणचं दुहेरी पिशवीत.
सिंगापूरच्या तपासणीतल्या मुलीने बरणी उजेडाकडे धरली
आणि हळूच, काहीतरी जिवंत असावं तशी, परत ठेवली.

केबिनमध्ये टीव्ही होता.
एका चॅनेलवर जहाजाच्या नाकावरचा कॅमेरा:
दिवसभर राखाडी पाणी, रात्री नुसता काळोख.
आम्ही पलंगावर मांडी घालून
चहा पीत काळोख बघायचो,
मालिका बघावी तसा. मध्ये जाहिराती नाहीत.

पलंग एकच होता.
हे सांगायला हवं, कारण सहकारनगरात
अकरा वर्षं आम्ही वेगळे झोपतो.
भांडण नाही हो, घोरणं.
हे आतल्या खोलीत, मी हॉलमधल्या दिवाणावर,
मध्ये फ्रिज.
पण जहाजाच्या पोटात सतत एक घरघर असायची,
त्यात यांची घरघर कुठे विरायची, कळायचं नाही.
पहिल्या रात्री डोळा लागला तो थेट उजाडेपर्यंत.
उजाडलं हेही टीव्हीवर कळलं.

संध्याकाळी परतावं तर पलंगावर टॉवेलचा हत्ती,
सोंडेवर यांचा चष्मा.
खोली आवरणारा जेरोम नावाचा पोरगा करायचा.
चादरीचं दुसरं टोक धरा म्हटलं की
पेपर वर धरणारे हे
हत्तीभोवती फिरून फिरून घड्या बघत राहिले.
मोडवेना, म्हणून तीन दिवस पंच्याने अंग पुसलं.

सूट घालायच्या रात्री
अभिजितच्या लग्नातली पँट कमरेला पुरेना.
सेफ्टी पिन मी लावली, पोट यांनी आत घेतलं,
आणि जेवण संपेपर्यंत दोघांनीही श्वास बेतानेच घेतला.

चौथ्या रात्री जाग आली. शेजारी घोरणं नाही.
साडीवर स्वेटर चढवून गेले,
तीन जिने चुकले, मग सापडले:
कानटोपी घालून कठड्याशी.
"काय बघताय?"
"काही दिसत नाहीये.
टीव्हीवरचाच काळोख आहे. पण याला वास आहे."
मी शेजारी उभी राहिले.
थंडी वाजत होती, तरी चला म्हणाले नाही.

परत आलो तो गुरुवार, पाणी बंद.
बाथरूममध्ये सोनवलकर वहिनींनी भरून ठेवलेल्या बादल्या,
आणि माझ्या पायाखाली फरशी डोलत होती.
"जाईल आठवड्यात," डॉक्टर म्हणाले.
वहिनींनी विचारलं, काय काय पाहिलं?
पेनांग, म्हटलं, फुकेत, मोठं देऊळ.
पलंगाचं बोलले नाही.

आज दुपारी आतलं दार लोटलेलं.
वाटलं, हयातीच्या दाखल्याचे कागद शोधत असतील.
पलंगावर सोलापुरी टॉवेल,
एक कान, सोंडेच्या जागी गाठ.
"हत्ती का?"
"कासव समज," म्हणाले,
आणि माझाच चष्मा मागितला.

रात्री फ्रिज घरघरला, पण तेवढ्याने भागेना.
उशी उचलली, आत गेले.
हे भिंतीला चिकटून झोपलेले, जोरात घोरत,
आणि इकडच्या अर्ध्या पलंगावर ते कासव, तसंच.
जरा सरकवून आडवी झाले.

झोप लागली नाहीच.
दुधाची पिशवी कडीला अडकल्याचा आवाज आला,
तेव्हा पडद्याच्या फटीतून
तळजाईची टेकडी दिसायला लागली होती.
या खोलीला खिडकी आहे,
विसरलेच होते.