क्लचचा पाय

वारं गेलं त्या पहाटे
डावा पाय खाटेवरून खाली सोडला
आणि तो सोडलेलाच राहिला,
टपावरून कुणी उतरून घेईल
अशी वाट बघणाऱ्या पोत्यासारखा.

एकतीस वर्षं ह्याच पायानं क्लच दाबला.
बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, आणि परत.
ब्रेकची चौकशी होते, अपघात झाला की.
क्लचच्या पायाला कोण विचारतंय?
मी तरी कुठं विचारलं.

आता सिव्हिलमधली महादेवी विचारते.
बैलहोंगलची पोर. पोटरी चाचपते,
इथं कळतंय? इथं?
नडगीवर दोन पट्ट्या चिकटवून बटण फिरवते,
आणि मुंग्यांमागून माझा पंजा वर येतो.
माझाच, पण मी न उचललेला.
"आता तुम्ही," म्हणते, आणि मोजते
ओंदु, येरडु, मूरु.
नाल्कुला अंगठा हलला.

पाट्यांवरच्या अक्षरांसाठी
ह्याच पायानं मोर्चात चाललोय मी.
घरी द्रौपदा एक, दोन, तीन म्हणते,
पाय ढिम्म.
"त्याला कानडीच कळूलंय काय की,"
म्हणून पिठाच्या हातानं
तीही आता येरडुवर अडखळते.

चपलेचं काय सांगू.
मी पुढं जातो, ती अंगणातच राहते.
कोंबड्या आता तिला बिचकत नाहीत.
रात्री पोटरी आवळते,
टाच टेकू देत नाही.

परवा दोनची गाडी चढाला लागली.
आवाजावरून कळलं,
पोरगं तिसऱ्यातच रेटतंय.
"दुसरा टाक रे!" मी खाटेवरून ओरडलो
आणि चादरीखाली
गुडघा ताठ झाला, टाच पुढं सरकली,
तिथं नसलेलं काहीतरी दाबलं गेलं.
महादेवी म्हणाली, दाबणं आधी येतं.
उचलणं उशिरा.
म्हणजे अजून हाफ क्लचवर आहे मी.

आज स्टँडवर, गाडीच्या दारात.
चढताना धड पाय आधी, उतरताना दुबळा,
हे तिनं चारदा घोकून घेतलंय.
दांडी धरली. उजवा वर पोचला.
डावा खाली डांबरावर,
विचार करतोय.
द्रौपदाचा हात पाठीला लागतो, ढकलत नाही.
मागं पिशव्या घेऊन सहाजण.
त्यांच्यामागं दुसरी गाडी, तिचा हॉर्न.
वाजव बाबा.
मीही वाजवलेत.