नळाचा वार

एकशे बारा पुस्तकं आली, सुतळीनं आवळलेली,
आणि आठवडाभर मी शिक्के मारत बसलो.
पहिल्या पानावर एक, शेवटच्या पानावर एक,
आणि एकोणिसाव्या पानावर एक, चोरासाठी.
पहिलं-शेवटचं पान फाडून नेणाऱ्याला
एकोणिसावं ठाऊक नसतं.
कुणाला सांगू नका.

चिलवेरीबाईंनी फळ्यावर लिहिलं:
नवी पुस्तकं बघायला या. शनिवार, सायंकाळी सहा.
चहा आहे.
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.
मंडपवाल्याच्या तीस खुर्च्या मांडल्या,
त्यातली लंगडी मी स्वतःला ठेवली.

सहाला पाच कमी, आणि गल्लीतून हाळी आली,
"नळ आलाय बे!"

पाचव्या दिवशीचा नळ.
साखर पेठेत नळाला वार असतो,
फक्त तो नळाला माहीत नसतो.
फाटकापर्यंत आलेल्या चार बायका
फाटकातूनच वळल्या, पदर खोचत.
शेजारच्या कारखान्यातले मागसुद्धा दोन थांबले;
कामगार हंडे घेऊन पळाले असणार.

उरले तिघं.
हलकुडे मास्तर, जे पेपरापलीकडे काही वाचत नाहीत,
परीक्षेच्या गाईडात मान घालून बसलेली अर्शिया नदाफ,
आणि चहासाठी आलेला एक पोरगा,
ज्यानं नाव सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी करू, मी म्हटलं.
बाईंनी चष्मा लावला
आणि ढिगाऱ्यातलं हाताला लागलं ते उघडलं.
दीपगृहावर एकटा राहणारा कुणी माणूस,
खाली खवळलेला समुद्र.
मागांच्या खडखडाटात वाढलेला त्यांचा आवाज,
त्या कुजबुजल्या तरी चौकात ऐकू येतं.
आत लाटा फुटत होत्या,
बाहेर प्लास्टिकच्या घागरी भरत होत्या,
आणि कुठलं पाणी कुठलं
हे मला मधूनच कळेनासं झालं.
मास्तरांनी पेपराची घडी केली.
अर्शियानं गाईडात पेन ठेवलं, खूण म्हणून,
मग ते पेनही काढून घेतलं.

सात वाजता लोक यायला लागले.
ओल्या पायांचे, निऱ्या भिजलेले,
राजव्वा गज्जम तर भरली घागर घेऊनच आल्या:
"घरी ठेवून आले असते, तर बसलेच असते की ओ."
घागर खुर्चीवर, त्या उभ्या.
विड्या वळून पिवळी पडलेली बोटं
एका निळ्या पुठ्ठ्याकडे निघाली.

"आधी हात पुसा!" बाई ओरडल्या.
कशाला पुसणार? सगळ्यांचे पदर ओलेच.
तेव्हा यल्लप्पा टकल्या मागावरनं धावत
टॉवेल घेऊन आला, कापायचा राहिलेला,
कडेला दोरे लोंबत असलेला,
आणि तो हातातून हातात गेला,
मागच्या रांगेपर्यंत,
जसा लग्नात अक्षतांचा तांब्या जातो.

"मोठ्या अक्षराचं द्या," राजव्वा म्हणाल्या.
तेलुगूत आहे एक, मी म्हटलं.
"तेलुगू भांडायला. वाचायला मराठीच शिकवलं शाळेत,
चौथीपतोर."

त्या रात्री छप्पन्न पुस्तकं गेली.
चहा संपला, घागरीतलं पाणी घालून पुन्हा केला.
बाईंनी दाखल नोंदवहीत
एकशे बाराव्या पुस्तकाखाली लिहायला लावलं:
टॉवेल, नग एक, देणगी.
तपासणीला येणारे साहेब विचारतील.
विचारू देत.

पंधरा दिवसांची मुदत,
राजव्वा तेविसाव्या दिवशी आल्या.
दंडाचे पैसे रुमालात गाठ मारून.
पुस्तकाला तंबाखूचा वास, एक कोपरा फुगलेला.
काउंटरवर वाकून त्या हळूच म्हणाल्या,
"एक सांगू? तुमचा शिक्का
मधल्याच एका पानावर पडलाय. चुकून."

इतक्या वर्षांत हे
चोरानंसुद्धा मला सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं, "चुकून."
आणि दंडाचं पुस्तक ड्रॉवरमध्येच राहू दिलं.