बिनआकड्याच्या चकत्या

आधी चिंचोके होते.
चिंचोक्यांची अडचण एवढीच की ते सगळ्यांच्या घरी असतात.
तिसऱ्या शनिवारी डबा मोजला
तर वाटलेल्यापेक्षा साठ जास्त भरले,
आणि कुमुदवहिनी पदरानं तोंड पुसत
खिडकीतून टेंबलाईची टेकडी बघत राहिल्या.

मग शर्टाची बटणं. पांढरं एक रुपया, काळं पाच.
रावसाहेब इंगवल्यांना मोतीबिंदू.
दहा वाजून गेले की त्यांना सगळीच करडी.

पोकर आम्हाला जिन्नाप्पाच्या पोरानं शिकवला,
बेंगळुरूहून सुट्टीला आला तेव्हा. तो परत गेला, डाव राहिला.
तर आता नीट काहीतरी करू म्हणून
उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारच्या लेथवर गेलो.
तोही आमच्यातलाच, पाचवा.
"चकत्या? कुठल्या मशीनच्या?"
"शनिवारच्या."

हिशेब तिथंच मांडला, जॉबकार्डाच्या पाठीवर.
जिन्नाप्पा म्हणाला, तिन्ही धातू सारखे घे, दिसायला बरं.
म्हटलं, गगनबावड्याच्या गाडीतल्या कंडक्टरला विचार
थैलीत नोटा किती लागतात अन् सुट्टे किती.
वर मोठं कमी, खाली बारीक भरपूर,
नाहीतर प्रत्येक हाताला "मोड दे, मोड दे"
आणि पत्ते तसेच पालथे.
शेवटी माणशी
अॅल्युमिनियम वीस, पितळ बारा, तांबं सहा.
रुपया, पाच, वीस. बेरीज दोनशे.
पाचजणांच्या एकशे नव्वद चकत्या,
वर तांब्याच्या दहा पेढीला,
कारण रावसाहेब हरले की उठत नाहीत, परत घेतात.

चाळीस मिलिमीटर. जाडी तीन. कडा मारलेल्या,
बोटाला लागू नये म्हणून.
अॅल्युमिनियम पडलं की ताटलीसारखं वाजतं,
तांबं पडलं की सगळे वर बघतात.
पहिले चार शनिवार पत्त्यांनाही कटिंग ऑइलचा वास.

"आकडा मारू काय रं?" दस्तगीरनं विचारलं होतं.
"पंच हाय माझ्याकडं. चकतीला दोन रुपये जादा."
म्हटलं, ऱ्हाऊ दे, रंगावरनं कळतंय की.
कंजूषपणा. दुसरं काही नव्हतं त्यात.

दिवाळीनंतर शिरोलीच्या फौंड्रीनं
त्याचं काम दुसऱ्या कुणाला दिलं.
एका शनिवारी त्याची पाठ दुखत होती.
पुढच्या शनिवारी पाहुणे.
तिसऱ्या शनिवारी मी दुकानावरून गेलो
तर लेथवर गोणपाट, आणि तो
रिकाम्या चकला तेल लावत बसलेला.
"आज ये," म्हटलं. "चारजणांत मजा नाही."

रात्री पेढी माझ्याकडं होती.
चकत्या वाटता वाटता, मान खालीच ठेवून, म्हटलं,
"आजपासनं तांबं पाच. पितळ रुपया.
अॅल्युमिनियम चार आणे."
कुणी पान खाली ठेवलं नाही.
पाच, बारा, तीस. सत्तेचाळीस.
पन्नास घ्यायचे, तीन चहाचे.
चार आणे बाजारात कुठं चालत नाहीत आता.
आमच्या सतरंजीवर चालतात.

जिन्नाप्पा बऱ्याच वेळानं बोलला,
"बरं केलंस. वीसच्या चकतीनं माझं बीपी वाढतंय."
त्याला बीपी नाही.
वहिनींनी शेंगदाण्याची वाटी सरकवली,
रावसाहेबांनी सवयीनं एक तांबं पुढं ढकललं,
ते पाचचं आहे हे लक्षात आल्यावर आणखी एक.

दस्तगीरनं स्वतःची चकती उचलली,
गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवला,
जिथं पंच बसला असता तिथं.
मग जोडी नव्हती, रंग नव्हता, काही नव्हतं हातात
आणि सगळं पुढं लोटून म्हणाला,
"बघा. हाय काय हिंमत?"

आम्ही चौघांनी पत्ते टाकले.
खरंच वाटलं होतं आम्हाला. म्हणजे मला तरी.

पहाटे मोजल्या तर एकशे नव्याण्णव.
अॅल्युमिनियमची एक अजून सापडलेली नाही.
वहिनी म्हणतात, माझ्याकडं बघू नका.