अडतिसावं वळण

ग्विदो आला तेव्हा त्याचा सायलेन्सर तारेनं बांधलेला,
झाकण हरवलेल्या किटलीसारखा फुसफुसत होता.
"नवा बसव पोरी," म्हणाला, "पण कंपनीचा नको.
कंपनीचा म्हणजे शिलाई मशीन."

फळीवरून तीन काढले.
कार्बनचा आखूड, वजनाला पावाएवढा.
टायटॅनियमचा, तापला की निळसर होणारा.
आणि एक स्टीलचा, लांबुडका,
ज्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बघत नाही.

मोजायची रीत ठरलेली आहे:
नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर,
पंचेचाळीस अंशांत माईक,
इंजिन निम्म्या दमावर,
येईल तो आकडा कागदावर.
कागद नसेल तर पोलीस खिंडीच्या पायथ्यालाच अडवतात
आणि तुम्ही गाडी ढकलत घरी.

ग्विदोनं चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढली.
करवतीनं त्याच्या कानांतून
आधी रातकिडे नेले,
मग नातीची कुजबूज,
मग बशीवरची चमच्याची किणकिण.
उरलंय ते खर्जातलं:
गडगडाट, बैल, पाद्रीबाबांचा खोकला.

कार्बनचा लावला. अठ्ठ्याण्णव डेसिबल.
समोरच्या बेकरीची काच थरथरली,
आतून पीठमाखला एक हात बाहेर येऊन
मला काहीतरी म्हणाला.
ग्विदोनं विचारलं, "चालू केलीस का?"

झोफका इतका वेळ जुन्या टायरवर बसून
शेंगा सोलत होती.
"आकडे राहू देत," ती म्हणाली.
"हा खिंड उतरतो. अडतिसाव्या वळणावर मला कळलं पाहिजे.
मग मी बटाटे टाकते.
तिथून घर बारा मिनिटं,
मेंढ्या आडव्या आल्या तर पंधरा.
त्याच्या आधी कळलं तर मी खिडकीत उभी राहते,
आणि या वयात खिडकीत उभं राहणं वाईट.
उशिरा कळलं तर हा दारात, बटाटे कच्चे,
दोघंही उपाशी आणि चिडलेले.
खाली हर्मिनाचा नवरा बोगद्यात रात्रपाळी करतो.
तो दुपारी झोपतो, त्याला यातलं काही कळता कामा नये.
मला आवाज नको गं.
चाहूल हवी."

बावीस वर्षं या दुकानात आहे.
चाहुलीचा मीटर कुणी बनवलेला नाही.

मग तीन दिवस आम्ही तेच केलं.
ग्विदो वर जायचा, झोफका खिडकी उघडून कानोसा घ्यायची,
मी फोन कानाला लावून दुकानात.
टायटॅनियम: "एकतिसाव्याला. फार लवकर."
त्यातच जाळीची गुटली घालून: "सेहेचाळीस.
अगं, तो जिना चढतोय!"

उरला लांबुडका.
त्याचं पोट उघडलं, काचलोकर उपसली,
थोडी परत भरली, थोडी काढली,
आईनं उशीत कापूस भरावा तशी, दाबून, चाचपून.
चाळीस.
चिमूटभर आणखी काढली.
एकोणचाळीस, पण वारा होता, धरायचं नाही.

चौथ्या दिवशी फोनवर ती काहीच बोलली नाही.
नळ सुटल्याचं ऐकू आलं,
भांड्यात पाणी पडल्याचं,
मग एकेक बटाटा, डुबुक्, डुबुक्.

कागदावर मी एकोणनव्वद लिहिलं. खरंच तेवढं होतं.

"तुला कसा वाटतो?" मी ग्विदोला ओरडून विचारलं.
तो टाकीला गुडघे लावून बसला होता.
"इथं ऐकू येतो," म्हणाला,
आणि गुडघ्यावर थाप मारली.

बिलाचे पैसे दिले, वर मडक्यातलं चीज.
नोव्हेंबरात खिंड बर्फानं बंद होते,
फाटक लागतं, गाड्या गोठ्यात जातात.
तेव्हा ती बटाटे कधी टाकते,
विचारायचं राहून गेलं.